चुन्याची फुली

रात्री दोननंतर कोल्हापूर गप्प होतं.
गंगावेशीत दूध पिऊन पैलवान परतलेले,
पापाची तिकटी कातड्याच्या वासासकट मिटलेली.
तेव्हा बाबालाल मुल्लाणी भर रस्त्यात उकिडवा बसतो,
सागवानी दांड्याचं एक टोक डांबरावर,
दुसरं कानाला,
आणि मला म्हणतो, "श्वास धर जरा, लेका."

मी श्वास धरतो.
मला काही ऐकू येत नाही.
माझ्याकडे रजिस्टर, बॅटरी, चुन्याचा डबा.

"वाहतं पाणी गुणगुणतं," तो सांगतो,
"गळतं पाणी चुरचुरतं,
कढईत पहिला कांदा पडल्यासारखं."
"आणि चोरीचं?"
"त्याला आवाज नसतो. ते बिलात दिसतं.
म्हणजे दिसत नाही."

ऑफिसात भिंतीवर पृथ्वीचं चित्र आहे,
शेजारी गोड्या पाण्याचा थेंब, वाटाण्याएवढा.
खाली लिहिलंय: साऱ्या जगाला एवढंच.
त्यावर कुणीतरी पानाचा चुना पुसलाय,
नेमका आफ्रिकेच्या पोटावर.
बाबालालनं ते एकदाच नीट पाहिलं,
म्हणाला, "एवढंसं असेल
तर आपली गळती मोठीच की."

राधानगरीच्या डोंगरातून निघालेलं पाणी,
बालिंग्याला उपसलेलं,
तुरटी, क्लोरीन, विजेचं बिल, सगळं अंगावर घेऊन
शेवटच्या हातभर अंतरावर मातीत शिरतं.
लग्नाला निघालेला माणूस
मांडवाच्या दारात हरवावा, तसं.

मग ती पौषातली रात्र.
जयंती नाल्याकडच्या बोळात
चेंबरचं झाकण सरकवलेलं,
आत दोरी, दोरीला डालड्याचा डबा,
वर आनसाबाई.
ती दचकली नाही.
डबा सोडला, ओढला,
लुगड्याच्या फडक्यातून घागरीत ओतला.
"बारा घरं," न विचारता म्हणाली,
"आणि अर्ज तीन."

बाबालालनं दांडा टेकवलाच नाही.
चुरचुर मलासुद्धा ऐकू येत होती.

रजिस्टरात रकाना होता: मिनिटाला किती लिटर.
ते लिटर कोण पितं, याला नव्हता.
मी चुन्याचा डबा उघडला.
फुली मारली की सकाळी गँग येते,
खणते, क्लॅम्प आवळते,
शहराचं पाणी वाचतं.

"झाक ते."
"साहेब विचारतील."
"मग लिही. आधी नळ, मग गळती."
"तसा रकाना न्हाई, चाचा."
"कडेला जागा हाय न्हवं?"

कडेला लिहिलं.
दर पंधरवड्याला तेच वाक्य, तीच कड,
एकदा शाई फुटली तर पेन्सिलीनं.
चार महिने.
त्या चार महिन्यांत किती पाणी मातीत गेलं
मला ठाऊक आहे, हिशेब मीच केला.
कुठंतरी त्याच आठवड्यात
एक अख्खं शहर कॅन घेऊन रांगेत उभं होतं,
पेपरात फोटो होता.
मी पेपर घडी करून रजिस्टराखाली ठेवला.
बाबालालचं बरोबर होतं का,
अजून माझ्यात ठरलेलं नाही.

चैत्र संपता संपता नळ आला.
एक स्टँड, दोन तोट्या,
एक जरा वाकडी.
त्याच रात्री मी फुली मारली,
पांढरी, ठसठशीत, दोन्ही हात लांब.
दुसऱ्या दिवशी गँगनं खणलं:
जुना बीडाचा सांधा,
त्यातलं शिसं मऊ दातासारखं हलणारं.

रात्री बाबालालनं दांडा टेकवला,
डोळे मिटले,
खूप वेळ उठलाच नाही.
मला वाटलं झोप लागली.
"गप्प झाली," शेवटी म्हणाला,
आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

आनसाबाईनं तेवढ्या रात्री चहा ठेवला.
चहाला नव्या पायपाची चव होती,
रबर, आणि थोडं लोखंड.
बाबालाल बशीत ओतून प्याला,
बशी तिरकी करून तळ पाहिला,
आणि अर्धा कप आणखी मागून घेतला.