मंगळवारची खिडकी

या काउंटीत परवान्याची खिडकी
फक्त मंगळवारी उघडते. कोर्टाच्या तळघरात,
बॉयलरच्या खोलीला लागून. मी लिंकनहून
नव्वद मैल येते. सोबत कॅमेरा, डोळे तपासायचं यंत्र,
आणि एक सँडविच, जे कधीच वेळेवर खाऊन होत नाही.

एमेट वोंद्राचेक आज तिसऱ्यांदा आला.
वय पंधरा. नखांत ग्रीस, शर्ट मात्र इस्त्रीचा.
नवव्या वर्षापासून हा पोरगा ट्रॅक्टर चालवतो,
धान्याचा ट्रक उलटा घेत गोदामाच्या तोंडाशी
असा लावतो म्हणे, की मधे तळहात मावू नये.
पण कागदावर गाडी अडते.
पहिल्यांदा तो गोल चौकात नापास झाला.
इथे गोल फिरतं ते फक्त
मक्याला पाणी देणारं लांबलचक यंत्र,
आणि त्याला कुणी वाट द्यावी लागत नाही.
दुसऱ्यांदा ट्रामने घात केला.
"ट्राम कुठे असते?" त्याने विचारलं होतं.
मी म्हटलं, प्रश्न क्रमांक सतरामध्ये.

आज पंचवीसपैकी वीस. वीसच लागतात.
त्याच्या आईने, डार्लाने, छातीशी धरलेली पर्स
पहिल्यांदा खाली ठेवली.

यंत्राला कपाळ टेकव, पाचवी ओळ वाच.
त्याने वाचली, मग न सांगता सहावीही.
कपाळाचा घाम काचेवर राहिला, तो मी पुसला.
उंची? पाच फूट नऊ. (आई : आठ.)
वजन? तो म्हणाला ते लिहिलं.
वजन इथे कुणीच खरं सांगत नाही,
आणि मी काही तराजू आणत नाही.
डोळ्यांचा रंग?
"तपकिरी," तो. "हिरवट," आई.
मी वाकून पाहिलं. आई जिंकली.

पुढचा प्रश्न मी स्क्रीनकडे बघत विचारते.
अठरा वर्षांत शिकलेय, इथे आवाज सपाट ठेवायचा,
घरचा पत्ता विचारावा तसा :
अवयवदान करणार का?
ओठावर नुसती लव आलेलं पोर,
ज्याला अजून एकट्याने कोपऱ्यापर्यंत
गाडी न्यायची मुभा नाही,
त्याला मी विचारते, तुझ्यामागे तुझं काय उरू द्यायचं.

"काय काय घेतात?"
मला मत द्यायची परवानगी नाही, यादी वाचायची आहे.
हृदय. मूत्रपिंडं. यकृत.
"डोळे पण?"
डोळे पण.
तो गप्प. भिंतीतला पाइप तेवढा खाकरला.
मग म्हणाला, "घ्या म्हणावं. पण कापणीनंतर.
ऑक्टोबर संपेपर्यंत मला सवड नाही."

मी हसले. तो हसला. डार्लाही हसली,
आणि हसता हसता वळून नोटीस बोर्ड वाचू लागली.
हरवलेला कुत्रा, जुलैतच होऊन गेलेला जुना बाजार,
एकेक ओळ, पाठमोरी, सावकाश,
पेपर तिचाच असल्यासारखी.
मी "हो"चं बटण दाबलं.

तळघराची खिडकी छताला टेकलेली.
तिच्यातून रस्त्यावरचे फक्त बूट दिसतात आणि टायर.
चिखलाचे बूट आणि निळ्या सँडल
पिकअपच्या पुढून एकमेकांना ओलांडून गेले.
बुटांनी डावी बाजू घेतली. सँडल
चढता चढता थबकल्या,
त्या बाजूची पायरी किती उंच असते
ते विसरल्यासारख्या.

इंजिन सुरू झालं. चाकं वळून तयार.
मंगळवारी अकरा वाजता या रस्त्यावर
हरवलेलं कुत्रंसुद्धा नसतं.
तरी चाकं जागच्या जागी.
मी मोजत होते. सात. आठ. नऊ.
सँडविचचा कागद हातातच राहिला.
पोरगा दोन्हीकडे बघत असणार.
ट्राम, न जाणो.