साल

बरणीवर लिहिलंय: कायटोसान,
कोळंबीच्या सालांपासून, पाचशे ग्रॅम.
मी ती हुंगते, कुणी बघत नसताना.
वास नाही. आम्लानं, मग अल्कलीनं
सगळा ससून डॉक धुऊन काढलाय तिच्यातून.

चांगुणामावशी पहाटे चारला तिथे बसायची,
बर्फात बोटं, मांडीशी टोपलं,
जेवढी टोपली तेवढे पैसे.
आणि सोलता सोलता एकदम उठायची.
संडास फाटकाबाहेर, दिवसातून दहा-बारा खेपा,
प्रत्येक खेपेला सुट्टे.
हिशेब तिनंच सांगितला, हसत:
"दोन टोपली माझी,
तिसरं संडासवाल्याचं गो."

केसपेपरवर आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव.
मावशी म्हणते, आतडं रुसलंय.
सतरा वर्षं रुसलंय.
स्टिरॉइडनं चेहरा गोल झाला तेव्हा
गल्लीतल्या बाया म्हणाल्या, औषध मानवलं तुला!
हाडं आतून भुसभुशीत होत होती
ती कुणाला दिसणार?
आग आतड्याच्या वीतभर भिंतीला,
आणि पाणी मारलं अख्ख्या घरावर.

माटुंग्याला, तिसऱ्या मजल्यावर,
मी थेंब थेंब सोडते, चुंबक गरगरत असतो.
पाणी दुधाळ होतं, किंचित निळसर झाक येते,
म्हणजे कण धरले.
केसाच्या जाडीवर चारेकशे मावतील एवढाले.
पोटात औषध, अंगावर साल.
पहिल्या वर्षी साल आम्लातच विरघळायची,
म्हणून तिच्यावर आता आणखी एक कवच.
जठरात सुटायचं नाही,
वाटेत कुणी हटकलं तरी सुटायचं नाही,
सुजेपाशी पोचलास की तिथे चिकट
आणि मग हळूहळू, घाई न करता, मोकळा हो.
एवढंच शिकवायचंय त्याला.
चौथं साल चाललंय.

मंगळवारी चौदा टक्के आम्लातच गळालं.
सर चष्मा पुसत म्हणाले, पुन्हा करा.

परवा एक कुपी पर्समधून कुलाब्याला नेली.
नुसती साल, औषध नसलेली, दाखवण्यापुरती.
मावशीनं उजेडात धरली, हलवली,
बर्फानं वाकड्या झालेल्या बोटांत
ती फारच लहान दिसत होती.
"जन्मभर मी सोलली,
आनि तू परत चढवतेस व्हय गो?"
मग जरा थांबून,
"माझ्यापरत कवा येल?"

अजून उंदरांनाच देतोय, मी म्हटलं.
"उंदरांना?"
तिनं त्यावर खरंच विचार केला.
"लागू पडतंय त्यांना?"
थोडंफार.
"बरं झालं बिचाऱ्यांचं. त्यांना तरी कुठं..."

वाक्य तिथेच टाकून ती उठली,
चपला शोधत, डबा उचलत.

मी कुपी धरून उंबऱ्यात.
समोर दोरीवर बोंबील, खाली मांजर टपलेलं.
ती परत आली तेव्हा
दुसरंच काही बोलू लागली.