ब्रेकव्हॅनमधला माणूस

धुळ्याबाहेर कपाशीच्या शेतांपलीकडे
एक जुनी धावपट्टी आहे. विमान क्वचितच.
डिसेंबरातल्या एका रविवारी तिथे गाड्या आल्या,
अकरा. बुटक्या, रुंद, पोट जमिनीला टेकलेल्या,
सरडे उन्हाला येऊन बसतात तशा.

झोपे म्हणाले, काका, झेंडा तुम्हीच दाखवा,
छत्तीस वर्षं भुसावळहून मालगाड्या सोडल्यात.
म्हणून मी. म्हणून हे स्टूल, ही वही,
नातवाच्या शाळेतून मागून आणलेलं स्टॉपवॉच.
हिरवा आणि लाल माझेच, पेटीतले.
चौकडीचा नव्हता. ओस्तवालांनी त्यांच्या हॉटेलातल्या
टेबलावरचा कपडा दिला,
शेवभाजीच्या तर्रीचा डाग तसाच.

कोण कोण होतं, लिहून ठेवलंय.
रावेरचे अत्तरदे, केळीवाले. गाडी पिवळी, परदेशी.
किंमत विचारली की हसतात,
"किती वॅगन केळी, ते विचारा ना भो!"
दोंडाईच्याचे गिरासे, हातमोजे घालूनच चहा पिणारे.
जिनिंगवाले हुसैनी, दोन गाड्या घेऊन,
एक रुसली तर दुसरी.
आणि अमळनेरच्या दातांच्या डॉक्टर, वायकोळेबाई.
त्यांची लाल, दोनच माणसांची,
अंग फायबरचं, इंजिन साध्या घरगुती गाडीचं,
डावं दार सुतळीने बांधलेलं.

नियम एवढाच: टोकाच्या ड्रमाला वळसा, आणि परत.
सगळ्यात मागे राहील त्याच्याकडून भरीत-पुरी.

गाड्या सुटल्या की कापसाचे पुंजके
पट्टीवरून उठायचे, पुन्हा बसायचे.
शेरडं राखणारा पोऱ्या माझ्याजवळ येऊन टेकला.
"बाबा, ह्या कोठे जाई ऱ्हायनात?"
"कोठेच नही. जातस आनि परत येतस."
तो विचारात पडला. मीही.
माझी एकही गाडी परत यायची नाही.
गेली की तिचे आकडे पुढच्या स्टेशनाचे.

अत्तरदे, एक मिनिट एकतीस.
गिरासे, एक चौतीस, ड्रम पाडला.
हुसैनी, पहिली गाडी रुसली.
मग बाई.
हिरवा हलवला. लाल ठिपका लहान होत गेला,
ड्रमापाशी वळताना मागचं चाक क्षणभर उचललं,
की मला वाटलं तसं,
आणि इतक्या जवळून, इतकी सरळ आली
की वारा माझ्या टोपीतून गेला.
सगळे ओरडले, किती? किती?

मी बटण दाबलंच नव्हतं.
जातानाही नाही.
छत्तीस वर्षांत एक मिनिट चुकवला नाही मी,
पूर आला तेव्हासुद्धा.

सांगून टाकलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही.
अत्तरदे म्हणाले, पुन्हा धावा, काय हरकत.
बाई हेल्मेट काढत होत्या, कपाळाला घामाची रेघ.
"नको," म्हणाल्या, "तेवढी जागा कोरीच राहू द्या, काका."
मग माझ्याकडे पाहून,
"बसता का?"

कसं सांगू कुणाला.
मी आयुष्यभर शेवटच्या डब्यात.
मला कळायचं ते मागे पडलेलं:
निंभोरा गेलं, सावदा गेलं,
रूळ पायाखालून निघून दूर जाऊन एक होणारे.
पुढून काही येताना मी पाहिलंच नव्हतं.

सुतळी सोडून आत घेतलं, पुन्हा बांधली.
गुडघे छातीशी. समोर काच,
काचेत अख्खी पट्टी, तिच्या टोकाला
सातपुडा, धुक्यात नुसता अंदाजाने.
सवयीने हात खिशाकडे गेला,
झेंडे नव्हते.
ते तिकडे स्टुलावर, त्या पोऱ्याच्या हातात,
आणि तो उभाच राहिला होता, ताठ, छाती काढून.

त्याने लाल दाखवला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो,
जाऊ द्या.