स्वल्प

भिशीचा नंबर लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं
मी पाटल्या मोडून नव्या करीन.
मी गेले टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाजवळ.
फाटक पडलेलं, मालगाडी चाललेली.
डबे मोजले, सवयीनं. बेचाळीस.
घरी सांगितलं होतं, दाताचं आहे.

एकोणतीस वर्षं पतसंस्थेच्या काचेमागं.
नोटा मोजताना भुवया जवळ येतात, एवढंच.
पण काचेपलीकडची माणसं
शिल्लक विचारायच्या आधी कपाळ वाचतात.
कडोलीची एक बाई, भाजीचे पैसे भरायला येणारी,
माझ्यासमोरची रांग सोडून पलीकडं जायची,
तिकडं पाच माणसं जास्त असली तरी.
शिपायाला विचारायची, "बाई कशाला चिडूल्यात?"
मी चिडले नव्हते.
मी त्र्याण्णववर होते, चौऱ्याण्णववर जात होते.

डॉक्टर हुक्केरीची, माझ्या पुतणीच्या वयाची.
आरसा हातात दिला. "सिट्ट माड्री, मॅडम.
म्हणजे, राग आणा बघू."
मागितल्यावर येतो का राग?
मग गेला मार्च आठवला, रात्रीचे साडेनऊ,
हिशेबात सतरा रुपये जास्तीचे,
कुणाचे ते कळेना,
आणि कपाळ आपोआप गोळा झालं.
"हे अकरा," ती म्हणाली, पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा करत.
आमच्या शाळेतला अकरा वळणाचा, शेपटीचा.
हा इंग्रजी, दोन उभ्या काठ्या.
एवढे आकडे हाताखालून गेले
आणि हा एक, कुठल्याच खतावणीत नाही.

"किती घालणार?"
"स्वल्प." कानडीत तो रोजचा शब्द,
आमच्यात नुसता विरामापुरता उरलाय.
"सगळं बंद केलं की चेहरा मेणाचा होतो.
थोडा राग ठेवते. लागतो."
डोळ्यांखालच्या घळीला तर हातच लावला नाही.
"आईची होती ना अशीच?"
मी मान हलवली.
"हलू नका," म्हणाली.
पाच मुंग्या चावल्या, मग बर्फाची पिशवी.

दहाव्या दिवशी अकरानं पोबारा केला.
नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि चहा मागितला.
जाऊबाई म्हणाल्या, झोप बरी लागत्याय वाटतं.
लेक फोनवर म्हणाली, आज नेट चांगलंय गं, स्वच्छ दिसतेस.
कुणाला कळणार नाही,
याचेच तर पैसे मोजले होते.
तरी रविवारी गणपत गल्लीतून
मी दोनदा उगीच चालत गेले.

कडोलीची बाई सोमवारी माझ्या काचेपुढं आली.
मी श्वास धरला.
पलीकडचा काउंटर जेवणासाठी बंद होता.

मग केवायसीला नवा फोटो हवा झाला.
शहापुरातले मुचंडीकर, वय ऐंशीच्या पुढं,
आता नातू कॅमेरा धरतो, ते नुसते पडद्यापाशी बसतात.
माझा चेहरा बोटभर जवळ घेऊन पाहत राहिले.
"रेघ कुठं गेली?"
मी गप्प.
"लग्नाच्या आधी तुमचा फोटो मीच काढला होता.
निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं हीच रेघ घालवली होती,
भिंग लावून, दीड तास."
म्हणजे बाविसाव्या वर्षीही होती ती.
म्हणजे सासरच्यांनी पसंत केली
ती मुचंडीकरांची पेन्सिल.
"कुणी केलंय ते विचारत नाही. हात चांगलाय.
थोडं ठेवलंय. मीही ठेवायचो.
घरच्यांनी ओळखायला पाहिजे की."
नातू आमच्याकडं बघत राहिला, त्याला काहीच दिसेना.
"किती टिकतं?"
"चारेक महिने."
"माझं अजून टिकलंय," म्हणाले, आणि हसले दात नसलेले.

आठ फोटोंचे एकशेदहा. सुट्टे नाहीत.
मी पर्स उपडी केली, नाणी मोजायला घेतली,
आणि दोन्ही भुवया निघाल्या
एकमेकींकडं, जुन्या वाटेनं,
आणि अर्ध्यात थांबल्या,
फाटक पडल्यावर सायकलवरून पाय टेकून
माणसं थांबतात तशा.