बाक

तेरणेच्या अलीकडं, मातोळ्याच्या नाल्यापाशी
पाइप जमिनीतून वर येतो.
दीड किलोमीटर मातीनं चहूकडून धरलेला,
इथं एकदम उघडा.

पहिल्या टेस्टिंगला, नऊ किलोवरच
जॉइंट बोटभर निसटला.
रबरी रिंग जिभेसारखी बाहेर,
खय्यूम वेल्डर नखशिखांत ओला.

दगडोबा मिस्त्री म्हणाला,
"पाण्याला वळायचं ठाऊक नसतंय, सायब.
ते सरळच निघतंय.
वळवणार आपण. मंग धक्का कुणीतरी खायाच पायजे."

धक्का मी कागदावर काढला होता :
चौदा किलोचा दाब, पाइपाचं तोंड, बाकाचा कोन.
उत्तर, सतरा टन.
काळ्या मातीचा स्वभाव तेवढा धरला नव्हता.
श्रावणात फुगते,
चैतात हात जाईल एवढी फाटते;
ठोकळ्यानं पाठ टेकावी कशाला?

मग काळी सोडून
पिवळ्या मुरमापर्यंत उतरलो.
खालच्या बाकाला पाठ दिली,
वरचा उसळू पाहतो, त्याला नुसतं वजन
आणि दोन लोखंडी पट्टे.
एकवीस दिवस गोणपाटं भिजवायला
दगडोबाची सून द्वारका यायची,
घरच्या टँकरच्या पाण्यातली घागर तोडून.

परवा काटा नऊ ओलांडून गेला,
चौदावर थांबला.
तासभर कुणी बोललं नाही.
मी ठोकळ्यावर तळहात ठेवला :
गार सिमेंट, एक मुंगळा.
सतरा टन आत कुठंतरी उभे.

द्वारका लांबून बघत होती.
"हलंना की काहीच," म्हणाली,
आणि गोणपाटं आता घरी न्यायची का,
एवढंच विचारलं.