नन्नाचा पाढा

तिसऱ्या वर्षाला रोसारियोच्या त्या दवाखान्यात पाठवलं मला,
तेव्हा जवळ होतं:
एक गिटार, एक ढोल, भाच्याकडून ढापलेला खुळखुळा,
परीक्षेपुरती पाठ केलेली मेंदूची चित्रं
आणि आईचा प्रश्न, "याची नोकरी असते का गं?"

बसचा ड्रायव्हर म्हणाला, ढोलाचं वेगळं तिकीट.
मी म्हटलं, हे औषध आहे.
तो हसला,
आणि खरंच घेतलं नाही त्यानं.

अकरा नंबरची खाट. दोन्या एर्मिनिया.
चाळीस वर्षं शाळेच्या पोरांचे पांढरे डगले शिवले.
मार्चमध्ये, ऐन शाळा उघडायच्या आठवड्यात,
डोक्यातली एक नस फुटली
आणि सगळे शब्द वाहून गेले,
एक सोडून.
नो.

पाणी देऊ? नो.
मिर्ता आली बघ, तुझी लेक. नो.
खिडकी उघडू? नो,
आणि डाव्या हाताचं बोट खिडकीकडे.
नर्स म्हणायच्या, दिवसभर नन्नाचा पाढा.

पहिले तीन मंगळवार मी गाणी वाजवली.
तिच्या तरुणपणातली, मिर्ताला विचारून उतरवलेली.
बोटांची सालटी निघाली.
नो. नो. नो.
फॉर्मवर रकाना होता, 'प्रतिसाद'.
मी लिहिलं, 'नकारात्मक'.
आमच्या ओतेगी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"हे ऐकून लिहिलंस, की वाचून?"

राग आला.
रात्री भाड्याच्या खोलीत तेच रेकॉर्डिंग लावलं, बाईंना चुकीचं ठरवायला.
गिटार वगळून नुसतं तिला ऐकत राहिले.
दूध उतू गेलं.

पाण्याचा नो वरून खाली यायचा, जिना उतरावा तसा.
खिडकीचा चढायचा.
मिर्ता आली तेव्हाचा मध्येच तुटला होता
आणि पुन्हा जोडला होता, दोऱ्याला गाठ मारावी तसा.
माझ्या गाण्यांना मिळालेला मात्र
सपाट, इस्त्री फिरवलेला.
तेवढा एकच काय तो नकार होता.

चौथ्या मंगळवारी गिटार खोळीतच ठेवली.
खुर्ची ओढून बसले.
ती म्हणाली, नो, चढता.
मी म्हटलं, नो, तिच्याच पायरीवरून.
तिनं मान वळवली.
कधीकाळी उसनी दिलेली कात्री
कुणी दारात परत घेऊन यावं, तशी बघत राहिली.
नो? अर्ध्या सुरानं वर.
नो. मी खाली आणून टेकवला.
मग ती सुटली,
नो नो नो नोनोनोनोनो,
मशीन चालावं तशी, लांबच लांब शिवण,
आणि चादरीखाली उजवा पाय पॅडल मारत होता.
तोच पाय,
ज्याची फिजिओथेरपीचा पोरगा महिनाभर मनधरणी करत होता.

पुढच्या मंगळवारी नाही हलला.
त्याच्या पुढच्याही नाही.
हेही लिहायला हवं.

तोंडी परीक्षेला तिघं बसले होते.
सुरुवातीला शब्द किती?
एक.
शेवटी?
एक.
मधल्या सरांनी पेनाचं टोपण लावलं.
मी बोलायला तोंड उघडलं, आणि मलाही एकच सापडेना.
किती गुण पडले ते सांगत नाही. पास झाले.

शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला वाकले,
तर तिनं माझ्या पांढऱ्या कोटाची कड पकडली.
वाटलं, सोडवत नाहीये.
डोळे भरून आले माझे.
ती कड उलटी करून बघत होती.
शिवण दोन बोटं उसवलेली, मी स्टेपलरची पिन मारलेली.
नो, म्हणाली.
सपाट. इस्त्री फिरवलेला.

कोट दाराच्या खिळ्याला टांगलाय.
पिन काढली.
सुई अजून आणायचीय.