धडा

रात्री सव्वाबाराला ती उठून बसते.
डोळे सताड उघडे, आणि त्या डोळ्यांत मी नाही.
माझ्या आरपार, माझ्यामागच्या कुणाला तरी बघते
आणि ओरडते,
कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घरांच्या गल्लीत
समोरच्या तीन खिडक्यांत दिवे लागतील एवढं.

पहिल्यांदा मी तिला गदागदा हलवलं.
"कार्तिकी, अगं मी, पप्पा."
तिनं मला ओरबाडलं.
सकाळी तेच हात चहात टोस्ट बुडवत होते.
माझ्या गालाकडे बघून म्हणाली,
"मांजर होतं का?"

ढमालेकाकूंनी मीठ-मोहरी ओवाळली, मिरच्या जाळल्या.
सगळी गल्ली खोकली.
सव्वाबारा काही चुकले नाहीत.
मंदाचं म्हणणं, कंपन्यांचा तो रात्रीचा वास
पोरीच्या डोक्यात जातो.
तिनं ओल्या टॉवेलनं खिडकीच्या फटी बुजवल्या.

वाशीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
ती जागी नाही, आणि पुरती झोपलेलीही नाही.
उठवू नका. आवळून धरू नका.
पडणार नाही एवढं बघा, आणि थांबा.

थांबणं मला येतं.
बावीस वर्षं कांदा-बटाट्यात तोलार आहे.
गोणी पडली की काटा थरथरतो.
नवा पोरगा घाईनं आकडा ओरडतो
आणि दिवसभर शिव्या खातो.
मी हात मागे बांधून उभा राहतो.
आता काटा गेला, लाल आकडे आले,
तेही थरथरतातच.
प्रत्येक गोणीची थांबायची आपली एक वेळ असते.

तसाच मी आता सव्वाबाराला उभा.
हात मागे.
ती किंचाळते, घामानं केस कपाळाला चिकटतात,
आणि मग कुठूनतरी, कुणी न सांगता,
तिचे खांदे खाली येतात.

पण डॉक्टरीणबाई हेही म्हणाल्या होत्या,
झोपायच्या आधी मन हलकं करा.
कसं, ते सांगितलं नाही. बाहेर रांग होती.

म्हणून पावणेदहाला टीव्ही बंद.
मी उताणा पडतो, दोन्ही तळहात पसरून.
"हं, टाक."
ती डाव्या हातात टाकते:
रिक्षावाल्या काकांनी कचकन मारलेला ब्रेक.
सिद्धीनं परत न दिलेलं खोडरबर.
तुर्भ्याच्या पुलाखाली मेलेला कुत्रा.
"हा जड आहे, पप्पा."
माझा हात गादीला टेकतो.
मग उजव्या हातात मी एकेक खडा ठेवतो.
दाराला कडी लावली आहे.
गॅस बंद आहे.
आई भिंतीच्या बाजूला आहे.
खाडीतले फ्लेमिंगो एका पायावर झोपलेत, पडत नाहीत.
हात हळूहळू बरोबरीला येतात.

"जुन्या तराजूत पारडी सारखी नसली
तर हलक्या बाजूला खडे बांधायचे.
त्याला धडा म्हणतात."
"पुस्तकातला?"
"नाही गं. मनाचासुद्धा करतात."

परवा ती म्हणाली, "आता तू टाक."
"माझ्याकडे काही नाही."
तिनं अंधारात माझा हात उचलून बघितला.
"खोटं. जड आहे."

लसणाच्या गाळ्यात थप्पी कोसळली, ते वर्ष तिच्या जन्माचं.
खाली गेनबा होता.
सर्वांत खालची गोणी मी लावली होती.
हे मी मंदालाही सांगितलेलं नाही.
एवढंच म्हणालो,
"एक काका पडले होते. खूप वर्षं झाली."
"लागलं?"
"हो."
ती बराच वेळ गप्प.
मग माझ्या दुसऱ्या तळहातावर बोट टेकवत,
माझेच खडे मला मोजून परत देत:
"कडी लावलीय. गॅस बंद आहे.
आई आहे…"
तिसऱ्या खड्यालाच झोपली.

काल ती उठली नाही.
सव्वाबारा झाले, साडेबारा झाले,
पंखा तेवढा फिरत होता.
मी अंथरुणात बसून होतो, हात मागे.
मंदानं झोपेतच विचारलं,
"उठली का?"
"नाही."
"मग तुम्ही?"